ओडेसा पिकेटचा परवाना

१२ ऑक्टोबर २०१९, शनिवार. सरोवरावरून गार वारा येत होता. आठ वाजताच चर्चच्या तळघराबाहेर साठ माणसं उभी होती.

वर्षातून एकदा इथे न्यायालय भरतं. बेघर आणि हलाखीतल्या माजी सैनिकांना कोर्टाची पायरी चढायची धास्ती वाटते, म्हणून न्यायाधीशच जिना उतरून आमच्याकडे येतात. जुनी वॉरंटं, गाडी चालवायचे अडकलेले परवाने यांचा निकाल त्याच दिवशी लागतो. दंड कोणी मागत नाही. माणसाने स्वतःला सावरायला वर्षभर काय धडपड केली, एवढंच पाहतात. माझे यजमान आरमारात होते. ते गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, दाराशी बसून अर्ज भरून घ्यायचं काम मी करते.

त्या दिवशी माझी चूक झाली.

ओडेसा पिकेट, वय त्रेपन्न, धुऊन धुऊन विरलेलं निळं जाकीट. मी छापील प्रश्न वाचला, "तुम्ही माजी सैनिक आहात का?"

"नाही."

मी खूण केली आणि तिला पलीकडच्या रांगेत पाठवलं. त्या रांगेतले कागद मोठ्या कोर्टात जातात. तारीख मार्चची.

ती परत आली. "मार्च? अहो बाई, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणाऱ्या बसवर ड्रायव्हर म्हणून माझी जागा ठरलीय. महिनाअखेर परवाना दाखवला नाही तर दुसऱ्याला देतील."

"नियम आहे, माझ्या हातात नाही," मी म्हटलं. लहानपणी शाळेत शिकवणाऱ्या आमच्या सिस्टर, म्हणजे नन, अशाच बोलायच्या. तेव्हा मला त्यांचा राग यायचा.

नवऱ्याच्या आजारपणात तिचं घर गेलं. दोन हिवाळे तिने आपल्या व्हॅनमध्ये काढले. उभ्या गाडीत झोपल्याबद्दल तीन समन्स निघाली आणि तिन्ही जुन्या पत्त्यावर गेली. ती हजर झाली नाही म्हणून वॉरंट निघालं, परवाना निलंबित झाला. जन्मभर गाडी चालवून पोट भरलेली बाई, आणि तिचे हातच बांधून ठेवलेले.

दुपारी जेवणाचा ट्रक आवारातल्या अरुंद बोळात अडकला. ट्रक चालवणारा लेस्टर पुढे-मागे करून घामाघूम झाला होता.

"उतर खाली," ओडेसा म्हणाली. "ट्रक चालवतोयस की गाय गोठ्यात कोंबतोयस?"

तिने एका दमात ट्रक मागे घेतला. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. आमची वकील मारिसोल भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आवार चर्चचं आहे, सरकारी रस्ता नाही, आणि मी काही पाहिलेलं नाही."

"कुठे शिकलीस गं?" मी विचारलं.

"वाळवंटात. एक्याण्णवच्या आखाती लढाईत. डिझेलचा टँकर होता माझ्याकडे."

"म्हणजे तू सैन्यात होतीस!"

"होते की, चार वर्षं. पण मी एक गोळी झाडली नाही, मिसेस झीमा. माजी सैनिक म्हणजे ते." तिने जेवणाऱ्या पुरुषांकडे बोट केलं.

त्यांतला अर्ल त्याच लढाईत रणगाड्यावर होता. त्याने चमचा खाली ठेवला. "अगं बये, आमचे रणगाडे काय प्रार्थनेवर चालत होते?"

सगळे हसले. ओडेसा हसली नाही. परवाना गेल्यापासून जवळच्या गल्लीत उभ्या असलेल्या आपल्या व्हॅनकडे ती गेली आणि सीटखालून प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत सैन्यातून सन्मानाने मुक्त केल्याचा कागद होता. अठ्ठावीस वर्षांत तिने तो कोणाला दाखवला नव्हता. मी सकाळचा अर्ज फाडला आणि नवा लिहिला.

चार वाजता न्यायाधीश हॉलबर्ट यांनी, ती राहते त्या बेघरांच्या निवाऱ्याने तिच्याविषयी दिलेली पत्रं वाचली. निवाऱ्यातल्या वर्गाला एकही दिवस गैरहजेरी नाही, दर रविवारी चाळीस जणांचा स्वयंपाक.

"सैन्यात काय काम होतं?"

"इंधन पोचवणं, सर."

"पोचलं?"

"दरवेळी."

त्यांनी चष्मा काढला. "तिन्ही खटले रद्द. वॉरंट रद्द. परवान्यावरची बंदी उठवली आहे."

अर्ल कुबडीवर भार देऊन उभा राहिला. त्याच्यामागे अख्खं तळघर उभं राहिलं. ओडेसाने एवढंच विचारलं, "कागद आत्ता मिळेल का, सर? सोमवारी लागेल."

त्या वर्षीपासून आमच्या अर्जावर पहिला प्रश्न वेगळा आहे: "तुम्ही कधी गणवेश घातला होता का?" पुढच्या ऑक्टोबरात नऊ बायकांनी 'हो' लिहिलं. आधीच्या अकरा वर्षांत मी अशा किती जणी पलीकडच्या रांगेत धाडल्या, ते देव जाणे.

त्याच वर्षीचा, २०१९चा ७ नोव्हेंबर, गुरुवार. डोळे तपासायला मी तिच्या बसने गेले. आम्ही आठ म्हातारे.

"पट्टा लावा, मिसेस झीमा. तुम्ही लावल्याशिवाय बस हलणार नाही."

मी शेजारणीला अभिमानाने सांगितलं, "ही ओडेसा. सैन्यात टँकर चालवायची."

"सैनिक होती म्हणा, बाई," ती आरशातून म्हणाली आणि तिने गाडी काढली.