बटण दाबलेलं होतं

या ग्रुपवरचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो, हे आधीच सांगून टाकतो. घोडबंदर रोडला लिफ्ट मागणारी बाई, येऊरच्या जंगलातले पैंजण, आंबिवलीला कुणाच्या तरी मामाला दिसलेला बिनडोक्याचा माणूस... अरे, तुमच्या भुतांना दुसरं काही सुचतच नाही का? आणि प्रत्येक अनुभव मित्राच्या मित्राला आलेला! मी भुतं मानत नाही, देव जेमतेम मानतो, आणि "काहीतरी एनर्जी असतेच हो" म्हणणाऱ्यांना मी घरात चहासुद्धा विचारत नाही. खालचं वाचून कुणी "अंगावर काटा आला" अशी कमेंट टाकली, तर माझ्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नये.

मी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. आता रिटायर्ड, ठाण्यात वर्तकनगरला राहतो. उभा जन्म त्या यंत्रांपुढे गेल्यामुळे घरच्या फोनवरही वाक्य संपलं की माझ्या तोंडून "ओव्हर" जातं. माझी बायको विद्या यावरून चारचौघांत माझी टिंगल करते. करू दे. आपलं बोलून झालं, आता तुझी पाळी, हे समोरच्याला कळवायची साधी शिस्त आहे ती. आजकाल ती कुणालाच नाही, त्याला मी काय करणार?

आणि शिस्त नसलेल्या माणसांचा मुकुटमणी म्हणजे विद्याचा धाकटा भाऊ, शिरीष. शहाडला राहतो. शोभेच्या माशांचं दुकान झालं, योगाचे क्लास झाले, मधमाश्या पाळून झाल्या... मधमाश्यासुद्धा त्याला सोडून गेल्या. मग त्याने ठाण्याच्या खाडीत लोकांना फ्लेमिंगो दाखवायला न्यायचं काढलं. चेंदणी कोळीवाड्यातला काशिनाथ तांडेल, त्याची इंजिनाची मोठी बोट, मागे दोरीला बांधलेली एक लहान फायबरची होडी, आणि मीठबंदरावरून निघायचं. बोटीवर बोलायला दोन हँडहेल्ड मरीन रेडिओ त्याने कुठूनतरी सेकंडहँड पैदा केले, आणि विद्या माझ्या मागे लागली.

"तुम्ही जात जा ना त्याच्याबरोबर. तुम्हाला त्यातलं कळतं. एकुलता एक भाऊ आहे हो माझा. आणि त्याला पोहतासुद्धा येत नाही."

पोहता न येणारा माणूस बोटीचा धंदा करतो. यावर मी काय बोलणार? गेलो.

गिऱ्हाईकांबद्दल न बोललेलंच बरं. हातभर लांब लेन्स आणि अंगात मिलिटरीची हिरवी-तपकिरी जॅकेटं! उघड्या बोटीवर, भर खाडीत! फ्लेमिंगोंना बिचाऱ्यांना वाटत असेल, डिझेलचा वास मारणारं झुडूप चालत आलंय.

आता रेडिओबद्दल थोडं नीट वाचा, कारण सगळी गोम तिथेच आहे. हा मोबाईल नव्हे. कडेला एक बटण असतं. ते दाबलं की तुम्ही बोलता, सोडलं की ऐकता. दाबलेलं असेपर्यंत तुमच्या सेटला काहीही म्हणजे काहीही ऐकू येत नाही. हे शिरीषला शिकवताना माझा घसा बसला. तो बटण दाबायच्या आधी बोलायला सुरुवात करायचा आणि बोलून झालं तरी दाबून धरायचा. सोळा नंबरचं चॅनेल संकटासाठी राखलेलं असतं, त्यावर या गृहस्थाने एकदा मला "भावोजी, वडापाव किती घेऊ?" असं विचारलेलं.

आणि कहर म्हणजे, सेट वॉटरप्रूफ आहे असं शंभरदा सांगूनही तो आपला सेट दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालायचा, वरून रबरबँडचे वेढे, आणि दोरीने गळ्यात. "खारं पाणी आहे हो भावोजी, भरवसा नाही." आपल्याकडे टीव्हीच्या रिमोटलाही प्लास्टिक चढवतात, त्यातलाच प्रकार. मी दोनदा पिशवी फाडून फेकली. पुढच्या रविवारी नवी पिशवी हजर.

तर त्या रविवारची गोष्ट. लख्ख सकाळ. ओहोटी संपत आलेली, चिखल उघडा पडलेला, आणि फ्लेमिंगो लांब पलीकडे चरत होते. गिऱ्हाईकं कुरकुरायला लागली. विशेषतः एक टोपीवाला जाडा, तो तर बोटीत चढल्यापासून कुरकुरत होता. शिरीष म्हणाला, "मी होडी घेऊन कांदळवनात आत जाऊन बघतो. पक्षी जवळ असले तर सगळ्यांना नेऊ."

"पोचलास की रेडिओ चेक दे, ऐकू येतंय का ते विचार," मी म्हणालो.

"देतो ना भावोजी!" गळ्यात दुधाची पिशवी हलवत गेला. कांदळवनात खाडीचे कितीतरी फाटे शिरतात. तो नेमका कुठल्या फाट्यात शिरला, ते कुणी पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे लेन्सला.

थोड्या वेळाने माझा सेट बोलायला लागला. रेडिओ चेक नव्हता तो. वल्ह्याचा आवाज, आणि शिरीषची बेसूर शीळ. मला क्षणात कळलं... पिशवीवरचा रबरबँड बटणावर बसला होता. सेट सतत बोलत होता, आणि त्याला याचा पत्ता नव्हता. आता मी कितीही बोंबललो तरी त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. वर साहेब स्वतःशीच बडबडत होते, "त्या टोपीवाल्या जाड्याला एक बगळा दाखवून घरी पाठवतो." बोटीत सगळे हसले. जाडा सोडून.

मग काहीतरी घासल्याचा आवाज आला. "अरेच्चा, टेकली काय?" होडी चिखलाला लागली होती. आणि मग छपाक.

तो ढकलायला खाली उतरला होता. ठाण्याच्या खाडीत... चिखलात... पोहता न येणारा माणूस!

"उतरू नकोस गाढवा!" मी सवयीने बटण दाबून ओरडलो. कुणाला ऐकू जाणार? बटण सोडलं तर पलीकडून धापा ऐकू आल्या. "आई गं... मांडीपर्यंत गेलो... अरे, होडी! होडी!" याचं ओझं उतरल्यावर ती हलकी होऊन सरकली होती. तिच्यात त्याचा मोबाईल. आणि भरती लागलेली होती. बोटीखाली पाणी उलटं फिरलेलं आम्हाला दिसतच होतं.

काशिनाथने इंजिन चालू केलं, पण जायचं कुठल्या फाट्यात? कुणीतरी फोन करून मदत मागत होतं, तिकडून "लोकेशन सांगा" म्हणत होते. लोकेशन कुणाकडे होतं? मी सोळा नंबरवर जाऊन जहाजांना हाक देऊ शकत होतो, पण एकच सेट हातात... चॅनेल बदललं की शिरीषचा आवाज तुटणार. मी बदललं नाही. ऐकत राहिलो. तो रडत होता.

"भावोजी, ऐकू येतंय का? भावोजी... ओव्हर."

जन्मात पहिल्यांदा त्याने ओव्हर म्हटलं. मला भयंकर राग आला, आणि त्याहून भयंकर भीती वाटली. विद्याला काय तोंड दाखवणार होतो मी?

आणि तेव्हा पलीकडून, त्याच्या धापांच्या मागून, दुसरा आवाज आला.

"ऐकतोय मी. घाबरू नकोस रे."

काशिनाथने वळून माझ्याकडे पाहिलं. माझा अंगठा बटणावर नव्हता. तोंड मिटलेलं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "ह्यो तर तुमचा आवाज हाय."

माझाच होता. खर्जातला, थोडा घोगरा. मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

"पाय ओढू नकोस राजा. ओढशील तेवढा खाली जाशील. पाठीवर हो. हात पसर."

"पाणी येतंय, भावोजी..."

"येऊ दे. पाणीच उचलेल तुला. बुटातून पाय काढ हळूहळू."

"नवे बूट आहेत हो..."

हे त्याने त्या अवस्थेतही म्हटलं, हे नोंदवून ठेवतो.

"असू देत. मी आणीन तुला दुसरे. शाब्बास. आता सांग, काय दिसतंय तुला?"

"आभाळ... विजेचा मनोरा. त्याच्याखाली झाडात निळी ताडपत्री अडकलीय."

काशिनाथने तिथल्या तिथे बोट वळवली. ती ताडपत्री आम्ही येताना पाहिली होती, टोपीवाल्याने तिला पक्षी समजून फोटो काढला होता. बोट निघाली आणि माझ्या हातातल्या सेटमधून माझा आवाज त्याच्याशी बोलतच राहिला. "मी आहे ना. झोपू नकोस. बोलत राहा माझ्याशी."

आम्ही पोचलो तेव्हा तो पाठीवर पसरलेला होता, हात लांब, पाणी कानांवर आलेलं, पाय अनवाणी आणि मोकळे. दोरी टाकून ओढून घेतला. छातीवर ती पिशवी. तिच्यातून सेटचा लाल दिवा दिसत होता, बोलणं चालू असलं की लागतो तो. मी स्वतःच्या हाताने रबरबँड काढला. त्याच क्षणी माझ्या सेटमधली खरखर थांबली. म्हणजे तोवर त्याचा सेट सतत बोलत होता. त्याला ऐकता येणं शक्यच नव्हतं.

शिरीष माझ्या गळ्यात पडला, चिखलासकट. "भावोजी, तुम्ही होतात म्हणून..."

आता तुमचे खुलासे. कुणीतरी नक्कल केली? खाडीत माझी नक्कल करायला कोण बसलं होतं? आणि रेडिओवरून केली तरी त्याच्या सेटचा बंद कान ती ऐकणार कसा? बटण मधूनमधून सुटत असेल? सुटलं असतं तर माझा सेट तेवढा वेळ गप्प झाला असता, तो झाला नाही. काही सेट फार वेळ दाबून ठेवले तर आपणहून बंद होतात, ते मला माहीत आहे, आमचे त्यातले नव्हते. माझाच आवाज फिरून आला? मी हे बोललोच नव्हतो! भीतीने भास झाला म्हणाल, तर टोपीवाल्याचा कॅमेरा चालू राहिला होता आणि त्याने क्लिप मला पाठवली. हलत्या बोटीत मी दिसतोय, सेट हातात, ओठ घट्ट मिटलेले, आणि माझा आवाज येतोय. क्लिप मागू नका, मिळणार नाही. मी ती एकदाच बघितली, विद्याला दाखवताना. तेव्हा लक्षात आलं की तो आवाज एकदाही "ओव्हर" म्हणत नाही.

विद्याला मी सगळं खरं सांगितलं, क्लिपही दाखवली. तिने विचारलं, "मग त्या वेळी तुम्ही काय म्हणत होतात?"

"गाढव म्हणत होतो."

ती उठून आत गेली.

शिरीषला मात्र कितीही सांगा, पटत नाही. प्रत्येक बारशाला, मुंजीला माझा हात धरून लोकांना सांगतो, "भावोजी वरून असे दिसतात, पण काय मायेने बोलले हो त्या दिवशी!" लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. मला तिथून पळून जावंसं वाटतं. मी या माणसाला आयुष्यात कधी "राजा" म्हटलेलं नाही. म्हणायची इच्छाही झालेली नाही.

गेल्या रविवारी परत गेलेलो. तो होडीतून कांदळवनाच्या तोंडाशी पोचला, गळ्यात सेट, पिशवी नाही. "रेडिओ चेक, ओव्हर." अगदी शिस्तीत. मी म्हटलं, "स्पष्ट ऐकू येतंय, ओव्हर."

मग हळूच, "भावोजी... त्या दिवशीसारखं बोला ना एकदा. ओव्हर."

मी बटण दाबलं. काशिनाथ माझ्याकडे बघत होता. बराच वेळ दाबून धरलं, शिरीषला ज्यासाठी ओरडायचो अगदी तसं. तो शब्द ओठांपर्यंत आला की नाही, तेही मला सांगता यायचं नाही. "चॅनेल मोकळं ठेव," एवढंच म्हणालो. "ओव्हर."

तो कुणाचा आवाज होता, मला माहीत नाही. उभा जन्म रेडिओपुढे काढूनही माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत असेल यावर माझा विश्वास नाही. बूट मात्र मी शिरीषला आणून दिलेत. कबूल मी केलं नव्हतं... पण आवाज माझा होता.