ताईचा अंगठा

दवाखान्यात नंबरची वाट पाहत असताना ताईचा अंगठा पदरावर आपोआप सरकत होता. तिचा फोन माझ्या पर्समध्ये होता. भाऊजी गेल्यापासून तिला मोबाइलवरच्या खेळाचं वेड लागलं होतं. गॅसवरची भाजी करपली तरी तिला कळायचं नाही. "जरा मन आवर," एवढंच आम्ही सगळे सांगायचो.

डॉक्टर म्हणाले, "खेळ दिसला की यांचा मेंदू उसळी घेतो आणि 'थांब' सांगणारा भाग कमी पडतो. वेळ लागेल, पण सुधारणा होते."

ताईने हळूच विचारलं, "म्हणजे मी वाईट बाई नाही ना?"

इतके महिने ती हा प्रश्न एकटीच सोसत होती, आणि शेजारी बसून मी तो कधी ऐकलाच नव्हता.