टकटक

हार्डडिस्क बोलते. नीट असली तर नुसती घरघर, फाईल शोधताना बारीक करकर. पण थांबून थांबून टक्, टक् यायला लागलं की समजावं, आतली वाचणारी सुई जागा चुकतेय आणि परत परत मागं येऊन आपटतेय. तेव्हा एकच करायचं, मशीन बंद. कळंबला कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात माझी निम्मी हयात गेली, पण एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरत नाही. सगळ्यात कमी शिरते माझ्या सख्ख्या भावाच्या.

दादाचा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या जुन्या डिस्कवर आईचा एकुलता एक व्हिडिओ होता. कॅमेरा दिसला की आई पदर तोंडावर घ्यायची. दादाच्या मुलीच्या बारशात तो फारच मागं लागला, तेव्हा ती खेकसली, "बंद कर ते मेल्या, किती सांगू!" एवढंच. ती गेल्यावर आम्ही दोघं ते लावायचो आणि हसायचो.

नवरात्रात डिस्क टकटकायला लागली. मी बजावलं, "लातूरहून नवी डिस्क येऊ दे, मग मी सगळं काढून घेते. तोवर बटनाला हात लावू नको."

"न्हाय लावत गं."

आणि दसऱ्याला लावलाच! मी गेले तर कॉम्प्युटरला हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि मशीन चालू.

"बंद मशिनीची पूजा करतेत व्हय? दसऱ्याला समदं चालू लागतंय," हे वर मलाच.

डिस्क टकटक करून गप्प झाली की हा पुन्हा बटन दाबायचा, डिझेल इंजिनाला हँडल मारावं तसा. "धरंल की गं!" चौथ्यांदा टकटक झालीच नाही. खर्र आवाज आला. सुई आता माहिती साठवणारी तबकडीच खरवडत होती. माझ्या तोंडून निघालं,

"बंद कर ते मेल्या, किती सांगू!"

दादाचा हात तिथंच थांबला. "आयसारखीच वरडलीस," तो म्हणाला आणि खाली बसला.

बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्या पुण्याच्या माणसानंही हात टेकले. आता दादा मधूनच म्हणतो, "एकदा तसं वरड की." मी ओरडत नाही. त्याचा राग येतोच, पण स्वतःचा जास्त येतो. चार स्क्रू काढून ती डिस्क नवरात्रातच माझ्या पिशवीत टाकता आली असती. दुकानात कामाचा ढीग होता, म्हणून टाकली नाही. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.