टोकियोच्या टॉवरवर आईच्या चपला

पुण्यात आमच्या टेकडीवर शहर बघायला लिफ्टचा मनोरा बांधायची टूम निघाली, तेव्हा विरोधाचं पहिलं पत्रक मी लिहिलं. ‘शहर बघायचंय? मग चढा!’ हा मथळा माझाच. त्यामुळे नोकरीसाठी टोकियोत असलेल्या दादाने आम्हा मायलेकींना तिथल्या लाल-पांढऱ्या टॉवरशी सोडलं, तेव्हा मी तोंड वाकडं करूनच लिफ्टमध्ये शिरले. शहराच्या डोक्यावर लोखंड रोवायचं आणि वर तिकीट लावायचं, हा धंदा मला कुठल्याच देशात मान्य नाही. हे सगळं मी आईला वर जाता जाता सुनावलं. ती म्हणाली, “हळू बोल. इथे कुणी भांडत नाही.”

आई पूर्वी रोज सकाळी टेकडी चढायची. वर मारुतीपुढे चपला काढायच्या, हात जोडायचे, मग वळून शहर बघायचं. गुडघे गेले आणि टेकडी सुटली. आता मी टेकडीवरून घरी आले की ती नुसतं विचारते, आज वरून कुठवर दिसत होतं.

लिफ्ट उघडली. फरशीत एक काच बसवलेली, खाली काडेपेटीएवढ्या गाड्या. आईने सवयीने चपला काढल्या, कडेला नीट ठेवल्या, हात जोडले आणि मोज्यांनिशी काचेवर उभी राहिली. मागे सहलीला आलेल्या शाळकरी मुली. त्यांना वाटलं, नियमच आहे. एकीने बूट काढले, मग सगळ्यांनीच. एक आजोबाही वाकून नाडी सोडायला लागले. गणवेशातली बाई धावत आली, बुटांची रांग बघून गोंधळली आणि आम्हालाच वाकून नमस्कार करून गेली.

मी हसून हसून काचेवरच बसले. खाली बघून डोकं गरगरत होतं, तरी उठवत नव्हतं.

आई मात्र वळून शहर बघत होती. बराच वेळ. मग म्हणाली, “तुझ्या पत्रकात माझ्या गुडघ्यांबद्दल काय लिहिलंयस गं?”

काहीच लिहिलं नव्हतं.

मनोरा नकोच, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. पण तो मथळा परतल्या परतल्या काढून टाकला. आणि रविवारी आम्ही चौघा कार्यकर्त्यांनी आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून टेकडीवर नेलं, धापा टाकत, तिच्या सूचना ऐकत. वर तिने चपला काढल्या, हात जोडले, वळून सगळं डोळे भरून पाहिलं.

मग आमच्याकडे बघून म्हणाली, “लिफ्ट कमी हलत होती.”