मोरीपाशी खणलेला खड्डा

अक्का डेंग्यूने गेली तेव्हा आमच्या गल्लीतली गटार नेहमीसारखीच तुंबलेली होती. पावसाळा सरत आला होता. दवाखान्यातून तिला घरी आणलं, चर्चमध्ये प्रार्थना झाली, माती दिली, आणि पुढच्या आठवड्यात मी शाळेत जाऊन चौथीच्या मुलांना भागाकार शिकवू लागले. लोक म्हणाले, बाई खंबीर आहेत. खंबीर वगैरे मी काही नव्हते. आतून काही येतच नव्हतं, एवढंच.

राहुरीकडच्या उसाच्या पट्ट्यात आमचं गाव. वडिलांच्या घरात आम्ही दोघीच बहिणी राहायचो. लग्न दोघींनीही केलं नाही. ती अंगणवाडीत, मी प्राथमिक शाळेत. स्वयंपाक तिचा, बाजारहाट माझा. ती गेल्यावर मी बहुतेक चहा-चपातीवर भागवायचे.

नाताळ झाल्यावर आरोग्य केंद्राची आशाताई आणि चर्चच्या पाळकबाई गल्लीत घरोघर फिरल्या. शेजारच्या एका गावाने घरोघरी शोषखड्डे केले होते आणि तिथली गटारच बंद झाली होती. आपणही मोरीचं पाणी बाहेर न सोडता खड्ड्यात जिरवू, असं त्यांचं म्हणणं. डबकं नसलं की डास नाहीत, आणि पाणी मुरलं की हापशालाही बरं. लोकांनी ऐकून घेतलं. कुणाकडे जागा नव्हती, कुणाकडे वेळ. गटार उपसायचं काम ग्रामपंचायतीचं, असंही कुणीकुणी म्हणालं.

माझ्या दारात आल्यावर दोघी जरा घुटमळल्या. मग आशाताई म्हणाली, "बाई, तुमच्यापासून सुरू करावं म्हनते. पन तुमचं मन असंल तरच."

"खणा," मी म्हणाले.

मनाचा प्रश्न नव्हता. नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं.

रविवारची उपासना आटोपून गल्लीतल्या सात-आठ जणी कुदळी-फावडी घेऊन आल्या. खड्ड्याची जागा मोरीच्या तोंडाशी होती आणि तिथे अक्काने लावलेला अळू होता. मोरीच्या पाण्यावर तो छातीएवढा माजला होता. पाळकबाईंनी विचारलं, दुसरीकडे लावायचा का. मी म्हटलं, नको, काढून टाका. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बायकांना हळूच सांगितलं, पानं तरी वाटून घ्या. संध्याकाळी शेजारणीने त्याच पानांच्या वड्या आणून दिल्या. मी त्या खाल्ल्या. ताटली घासून परत केली.

खणून झाल्यावर तळाशी मोठे दगड, त्यावर लहान, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची कुंडी, भोवती खडी. दगड हातोहात देताना रांगेत एक जण कमी पडत होती, म्हणून मला उभं केलं. मी दगड घ्यायचे आणि पुढे द्यायचे. त्या कामात बोलावं लागत नव्हतं. पुढच्या रविवारी समोरच्या घरी खणायचं ठरलं, तेव्हा मी न बोलावता गेले. त्यानंतरही जात राहिले. समोरची म्हातारी मावशी रोज काठी टेकत माझ्याकडे यायची, आम्हा ख्रिस्ती लोकांत करतात तसा सलाम करायची आणि खड्ड्यात डोकावून म्हणायची, "पानी जातंय कुठं, मला तर कळंना."

उन्हाळ्यापर्यंत जवळजवळ सगळी घरं झाली. दोन घरांनी शेवटपर्यंत केलं नाही. तरी गटार कोरडी पडली, आणि तिच्यात मुलं गोट्या खेळू लागली. तालुक्याहून साहेब लोक येऊन फोटो काढून गेले. बाई, आता समाधान वाटत असेल, असं एकाने म्हटलं. मी हो म्हणाले. तसं काही वाटलेलं नव्हतं.

पुन्हा पावसाळा आला. दिवे लागताना डासांमुळे दार लावून घ्यायची गरज उरली नाही. खालच्या आळीत तापाचे पेशंट निघाले, आमच्याकडे कुणी नव्हतं. एका सकाळी मात्र शेजारीण धावत आली. तिच्या मुलीचं अंग भाजत होतं आणि नवरा कामावर गेलेला होता.

मी स्कूटी काढली. चावी काही केल्या लागेना. आधी वाटलं, चावीच बिघडली. मग पाहिलं तर ती घराच्या कुलपाची होती. शेजारीणच म्हणाली, "बाई, आधी पानी प्या जरा."

आरोग्य केंद्रात पोरीचं रक्त घेतलं. आम्ही बाकावर बसलो. मुलगी माझ्या मांडीवर झोपली आणि तिचा ताप माझ्या साडीतून लागत होता. मला भीती वाटत होती. अक्काच्या वेळी याच बाकावर मी अगदी शांत बसले होते.

दुपारी नर्सने सांगितलं की डेंग्यू नाही, साधा ताप आहे, गोळ्या द्या. शेजारणीने पदर डोळ्यांना लावला. मुलगी जागी झाली आणि तिने बिस्किटं मागितली. मी समोरच्या टपरीवर गेले, पुडा घेतला आणि सुटे पैसे तिथेच विसरून आले. टपरीवाला मागून हाका मारत होता, पण मला वळता येईना, कारण मी रडत होते.