होडीचा प्लग आणि दोन साडू

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळा बाजार मशीनवाले म्हणूनच ओळखायचा. बायकोसुद्धा बाहेरच्यांसमोर "आमचे मशीनवाले" म्हणायची. दुकान अरुंद, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत उघडी मशीनं, तेलाचा वास आणि सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या. एखाद्या गिऱ्हाइकाने "आता चालतंय, राहू द्या" म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "चालतंय आणि टिकतंय यात फरक आहे," असं म्हणून ते मशीन पुन्हा उघडायचे.

त्यांचे साडू अगदी उलटे. आयुष्यभर बस चालवलेला, आडव्या हाडाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत. मशीनवाल्यांची बायको थोरली बहीण, ड्रायव्हरसाहेबांची धाकटी. पण वयाने ड्रायव्हरसाहेबच मोठे. त्यामुळे कोणी कोणाला अहो म्हणायचं, हा घोळ वर्षानुवर्षं चालला. दोघंही एकमेकांना अहो-जाहो करत राहिले आणि लग्नाकार्यात शेजारी बसून हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले. होडी आली आणि हा घोळ मिटला.

निवृत्तीनंतर ड्रायव्हरसाहेबांनी शहराबाहेरच्या तलावावर एक जुनी होडी बघितली आणि मशीनवाल्यांना भागीदार करून घेतलं. पहिल्याच दिवशी दोघांची वल्ही एकमेकांत अडकली, होडी जागच्या जागी गोल फिरली आणि ड्रायव्हरसाहेब ओरडले, "अरे, डावीकडे ओढ ना!" मशीनवाले म्हणाले, "तूच ओढ!" आणि दोघं पोट धरून हसले. तेव्हापासून अरे-तुरे. पन्नाशी-साठीच्या माणसाला नवा मित्र मिळणं ही काय साधी गोष्ट आहे? दर रविवारी सकाळी दोघं गळ टाकून पाठीला पाठ लावून बसायचे. मासे मिळोत न मिळोत, बोलणं भरपूर व्हायचं.

अशाच एका रविवारी ड्रायव्हरसाहेबांनी ती गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी त्यांच्या बसखाली एक सायकलवाला आला होता. तो गल्लीतून एकदम बाहेर आला, चौकशी झाली, ड्रायव्हरची चूक नाही असा निकाल लागला. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्याचा विषय काढत नसे. पण त्या दिवशी सकाळी बस बाहेर काढताना ब्रेकचं पेडल त्यांना किंचित मऊ लागलं होतं. "चालतंय" म्हणून ते निघाले होते. तपासणीत ब्रेक ठीक निघाले. "पण माझ्या पायाला ठाऊक आहे ना," ड्रायव्हरसाहेब पाण्याकडे बघत म्हणाले. "हिलासुद्धा कधी बोललो नाही."  मशीनवाल्यांनी डब्यातलं आमिष पुढे केलं. 

पुढे ड्रायव्हरसाहेबांचा खांदा बोलू लागला. इतकी वर्षं स्टिअरिंग फिरवलेला खांदा, वल्हं मारलं की रात्रभर ठणकायचा. म्हणून त्यांनी एक ट्रोलिंग मोटर आणली. होडीच्या तोंडाशी बसवायची, बॅटरीवर चालणारी लहानशी मोटर. आवाज नाही, धूर नाही, मासा बुजत नाही. मोटर जुनी पण चांगली होती. वाईट होता तो तिचा प्लग. आधीच्या मालकाने तिला घरात इस्त्रीला लावतात तसला प्लग जोडला होता आणि होडीत एक तसलंच सॉकेट ठोकून दिलं होतं.

मशीनवाल्यांनी तो हातात घेतला आणि नाक मुरडलं. "हा घरातला प्लग. बॅटरीचे व्होल्ट कमी, म्हणून मोटर करंट भरमसाट ओढणार. या पिना तापतील. शिवाय पाणी, हादरे. लाट आली की सुटेल."

"चालतंय ना?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"चालतंय. टिकणार नाही. मला थोडा वेळ दे, मी बघतो."

आणि मशीनवाले बघायला लागले ते बघतच राहिले. बाजारातून त्यांनी नाना तऱ्हेचे प्लग गोळा केले. एक गाडीतल्या लायटरच्या भोकात बसतो तसला. तो हात लावल्याबरोबर सैल. एक चिमटेवाला, बॅटरीला नुसता दात लावून बसायचा, कोणाचा पाय लागला की निघाला. एक चौकोनी, गोदामातल्या माल उचलायच्या गाडीला असतो तसा. त्याची पकड मगरीसारखी, पण उघड्या तोंडाचा, पाणी सरळ आत. मशीनवाल्यांनी त्यांच्या परीने परीक्षा ठेवल्या. चामडं शिवायच्या दणकट मशीनच्या अंगाला प्लग बांधायचा आणि दिवसभर मशीन चालू ठेवायचं. दुकान थरथरायचं, शेजारचा घड्याळवाला येऊन हात जोडायचा. संध्याकाळी प्लग सैल झाला असेल तर तो बाद. जो पास होईल तो मिठाच्या पाण्याच्या वाटीत. काही दिवसांत पिनांवर हिरवा थर आला की तोही बाद. वायर तर त्यांनी केव्हाच बदलायची ठरवली होती, कारण बारीक वायरला चांगला प्लग लावणं म्हणजे गरीब घोड्यावर मखमली खोगीर.

इकडे रविवारमागून रविवार चालले. ड्रायव्हरसाहेब दुकानात येऊन स्टुलावर बसायचे आणि त्या थरथरणाऱ्या मशीनकडे बघायचे.

"प्लग निवडतोयस की जावई?"

"जावई परत पाठवता येतो. होडीतून तुला कुठे पाठवू?"

"अरे, हवा छान आहे. मासा वर येतोय. उद्या जाऊ या, तो जुनाच लावून."

"नाही म्हणजे नाही."

ड्रायव्हरसाहेब हसून निघून जायचे. पण त्या हसण्याखाली कंटाळा साचत होता, तो मशीनवाल्यांना दिसला नाही. त्यांना प्लग दिसत होता.

एका शनिवारी ड्रायव्हरसाहेब कोणाला न सांगता एकटेच तलावावर गेले. जुना प्लग, जुनी वायर. तलावाच्या पार मधोमध गेल्यावर वारा उठला, त्यांनी मोटर पूर्ण वेगात सोडली आणि थोड्याच वेळात जळका वास आला. प्लग वितळून सॉकेटला चिकटला होता. मोटर बंद. तो दुखरा खांदा घेऊन त्यांनी वल्ही मारली. होडी लव्हाळ्यात जाऊन अडकली, तिथून कंबरभर पाण्यात उतरून त्यांनी ती ओढत काठाला लावली. घरी आले तेव्हा अंग चिंब होतं आणि हात वर होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरं थोरलीकडे जेवायला जमली होती. ड्रायव्हरसाहेबांचा मुलगा आणि सून परगावाहून आले होते. ड्रायव्हरसाहेबांनी स्वतःच आपली फजिती रंगवून सांगितली: बेडूक कसे बघत होते, चिखलात चप्पल कशी गेली. सगळे हसत होते. मशीनवाल्यांना हसू येत नव्हतं.  हा माणूस बुडाला असता. आपण नको म्हटलं होतं आणि हा गेला. भीती आणि राग एकाच भांड्यात उकळत होते, आणि आपलं खरं ठरलं याची एक लहानशी खुशीही त्यात होती. ती नसती तर पुढचं कदाचित टळलं असतं.

"आणि तरी हे म्हणतात, चालतंय!" सून हसत म्हणाली.

मशीनवाले म्हणाले, "त्याचं नेहमीचंच आहे ते. त्या दिवशी ब्रेकचंही 'चालतंय'च म्हणाला होता."

सून हसली, कारण तिला काही कळलं नव्हतं. मुलगा हसला नाही. धाकटीचा हात ताटावर थांबला.

"कुठला ब्रेक?" तिने विचारलं. मग नवऱ्याकडे वळून पुन्हा, अगदी हळू, "कुठला ब्रेक हो?"

जीभ चावून काही उपयोग नव्हता. तोंडातून गेलेला शब्द मशीनवाल्यांना समोर टेबलावर पडलेला दिसत होता, आणि तो उचलून परत खिशात घालता येत नव्हता. थोरलीने काहीतरी वाढायला म्हणून भांडं उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

ड्रायव्हरसाहेब रागावले नाहीत. ते शांतपणे जेवत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी साडूकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाले, "पाणी द्या जरा."

द्या. मशीनवाल्यांनी तांब्या पुढे केला.  एवढंच.

त्यानंतर मशीनवाल्यांनी प्लग ठरवला. गोल, जाड पितळी पिनांचा, आत घालून पिळला की कुलूप लागल्यासारखा बसणारा. रबरी कडं असल्यामुळे पाणी आत जात नाही, मोटर काढली की सॉकेटवर झाकण फिरवता येतं, आणि उलटा घालायचा म्हटलं तरी जात नाही, म्हणून अधिक-उणे चुकायची भीती नाही. जाड वायर, बॅटरीपाशी फ्यूज. हादऱ्यांत तो हलला नव्हता, मिठात काळवंडला नव्हता. त्यांनी तो होडीत बसवला, काठाजवळ एकट्याने फेरी मारली, हात लावून बघितला. थंडगार होता. निरोप पाठवला. ड्रायव्हरसाहेबांचा उलट निरोप आला: खांदा बरा नाही, तुम्ही जाऊन या.

पुढच्या रविवारीही खांदाच. त्याच्या पुढच्याही. मग एक दिवस थोरलीने सांगितलं की धाकटी आणि भावजी मुलाकडे राहायला चाललेत, कायमचे. "आणि होडी तुम्हीच ठेवा म्हणालेत."  त्या दिवशी तिने भांडी फार जोरात घासली.

मशीनवाले रोज ठरवायचे, जाऊन भेटू या. माणूस मशीन उघडताना जेवढा धीट असतो तेवढा तोंड उघडताना नसतो. आज गिऱ्हाईक आहे, उद्या ऊन आहे, असं करता करता ऋतू उलटला. शेवटी एके दिवशी त्यांनी साडूचा होडीत विसरलेला गळाचा रीळ निमित्त म्हणून पिशवीत घातला आणि बस पकडली.

मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार धाकटीने उघडलं. "या भावजी," म्हणाली, बसायला खुर्ची दिली. ड्रायव्हरसाहेब गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. ते आत आले, हसले, तब्येतीची चौकशी केली. दुकान कसं आहे, गुडघा कसा आहे. सगळं रीतसर. प्रत्येक वाक्याच्या शेवटी अहो-जाहो.

"तो प्लग बसवला," मशीनवाले म्हणाले. "एकदाही सुटला नाही."

"सुटायचा नाही. तुम्ही निवडलाय."

रीळ देऊन झाला. चहा पिऊन झाला. मग मशीनवाल्यांनी एकदाचं म्हटलं, "ते मी बोलायला नको होतं रे."

"कोणतं?"

"ब्रेकचं."

ड्रायव्हरसाहेबांनी रिळाची दोरी थोडी ओढून बघितली. "खरंच होतं ते. खोटं बोलला असतात तर भांडता तरी आलं असतं."

 रिकामा कप ठेवायला मशीनवाले स्वयंपाकघरात गेले. तिथे धाकटी ओट्याशी उभी होती. मागे न वळता ती म्हणाली, "त्यांनी मला नंतर सगळं सांगितलं. दोन दिवस रडत होते. मला सांगायला हवंच होतं त्यांनी, उशीरच केला. पण भावजी, ते सांगणं त्यांच्या हातात होतं. तुम्ही काढून घेतलंत."

निघताना ड्रायव्हरसाहेब बसथांब्यापर्यंत आले. वाटेत कुठे खड्डा आहे ते दाखवत होते. बस लांबून दिसताच म्हणाले, "डावीकडच्या खिडकीशी बसा. आता संध्याकाळपर्यंत ऊन उजवीकडेच राहील." मग जुन्या सवयीने बसच्या चाकांकडे वाकून बघितलं आणि ड्रायव्हरला हात केला.

मशीनवाले डावीकडे बसले. सगळा रस्ता सावली होती.

घरी थोरलीने पायातली चप्पलही काढू दिली नाही. "काय म्हणाले? रागावलेत का अजून?"

"नाही. राग नाही त्याला."

"मग झालं तर! मिटलं म्हणायचं."

मशीनवाले खुर्चीवर टेकले. रागावला असता तर कुठेतरी पेच सापडला असता, उघडून बघता आलं असतं, असं त्यांना सांगावंसं वाटलं. पण तिने दोघांसाठी पानं घ्यायला सुरुवात केली होती. ते उठले आणि हात धुवायला गेले.