टँकर कुणाचा
ओल्या रबरी पाइपाचा वास आला की दुष्काळात बंद पडलेल्या सहकारी साखर कारखान्याची कॉम्प्युटर खोली आठवते. कारखान्याच्या विहिरीवर टँकर भरायचे, गावागणिक पाळ्या ठरलेल्या, आणि टँकर भरल्याची वेळ कुठल्या गावाच्या पाळीत बसते ते माझी क्वेरी, म्हणजे नोंदी धुंडाळणारा छोटा प्रोग्रॅम, शोधायची. त्या दुपारी एकाच भरलेल्या टँकरवर दोन गावांनी हक्क सांगितला. मी क्वेरी चालवली, पण ती लिहिली होती अडाण्यासारखी. एका टँकरसाठीही उन्हाळाभराच्या सगळ्या नोंदी सगळ्या पाळ्यांशी ताडत बसायची. खिडकीतून एक जण खेकसला, "कावून बे, येवढा टाइम लागतो व्हय?" मी म्हणालो, "पाचच मिनिटं, मामा." तेवढ्यात कुणीतरी पाइपाचं पितळी तोंड गरकन फिरवलं आणि ते भांडण सोडवायला आलेल्या ड्रायव्हरच्या जबड्यावर बसलं. दात मुरमावर सांडले. मग फावडी निघाली, दगड निघाले, झटापटीत टँकरचा कॉक उघडला आणि त्या पाण्याच्या, रक्ताच्या चिखलात माणसं एकमेकांना तुडवत राहिली. टँकर रिकामा झाल्यावर स्क्रीनवर उत्तर आलं. तो तिसऱ्याच गावाचा होता, आणि तिथलं कुणी आलंच नव्हतं. आता मी टँकर भरण्याआधी सुरू झालेली शेवटची पाळी तेवढी काढतो, ती संपली नव्हती ना एवढंच बघतो. पापणी लवायच्या आत उत्तर येतं. दोन ओळींचं काम होतं. तो ड्रायव्हर अजून भाकर कुस्करूनच खातो.